बंदूक रिकामी असल्याचं हमीपत्र

निवडणूक जाहीर झाली की जुळे सोलापुरातल्या त्या कॉलनीत एकट्या अंकितालाच बरं वाटायचं. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि आप्पांची बंदूक जितके दिवस ठाण्यात, तितके दिवस तिला अन्न गोड लागे. कोण निवडून येतंय याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. निकाल लांबावा, फेरमतदान व्हावं, जमल्यास कोणीतरी कोर्टात जावं, एवढीच तिची लोकशाहीकडून अपेक्षा होती.

आप्पा म्हणजे तिचे सासरे. मूळचे वैरागकडचे. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीच्या फाटकावर ते स्वतःची दुनळी बारा बोअर खांद्याला लावून बावीस वर्षं उभे होते. बावीस वर्षांत बंदूक एकदाच उडाली, ती पिसाळलेल्या कुत्र्यावर. बार लागला गिरणीच्या पाण्याच्या टाकीला, आणि कुत्रं त्या धारेखाली उभं राहून पोटभर पाणी पिऊन गेलं. म्हणजे ते पिसाळलेलंही नव्हतं. पुढे गिरणी बंद पडली, आप्पा घरी आले आणि त्यांच्याबरोबर बंदूकही. आता ती हॉलमधल्या लोखंडी कपाटात गोधडीत गुंडाळून उभी होती, आणि त्याच कपाटाला टेकून अंकिताचा चार वर्षांचा सिद्धांत गाड्या खेळायचा. ती आप्पांची जुनी छत्री आहे, असं त्याला सांगितलेलं होतं.

बंदुकीपेक्षा अंकिताला किल्लीची धास्ती होती. किल्ली आप्पांच्या करदोट्याला असे. पण दिवाळीनंतर दोनदा ती कपाटालाच लटकताना दिसली. पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा फक्त अंकिताने पाहिली. तिने ती काढून गुपचूप आप्पांच्या उशीवर ठेवली. त्याच दिवशी आप्पांनी धाकट्या मुलाशी, दीपकशी, फोनवर दहा मिनिटं बोलून झाल्यावर चहा घेता घेता विचारलं होतं, "दीपकचा फोन न्हाय आला गं आज?"

तिने नवऱ्याच्या कानावर घातलं. अमृत म्हणाला, "वय झालंय. मी नाही विसरत? परवा कंपनीत हेल्मेट विसरून आलो."

हेल्मेट विसरणं आणि भरल्या घरात बंदुकीचं कपाट उघडं राहणं यातला फरक समजावण्यात एक बी.एस्सी. झालेली बाई किती शक्ती खर्च करणार? सासूबाई, बजाबाई, म्हणाल्या, "त्येंचं आसंच हाय पयल्यापास्नं." आप्पांच्या विसरण्याकडे पाहायचं नाही, असं घरात न ठरवता ठरलेलं होतं. अंकिता तेवढी पाहत होती.

म्हणून पनवेलहून दीपकचा फोन आला तेव्हा ती स्वयंपाकघरातून हात न पुसता धावत आली. दीपकला तिकडे एका एजन्सीत गनमनची नोकरी मिळत होती. अट एकच, बंदूक स्वतःची हवी. वारस म्हणून त्याच्या नावाचा परवाना मंजूर झाला होता. आता बंदूक तेवढी सोमवारच्या आत पोचवायची होती, आणि ती परवानाधारकानेच, म्हणजे आप्पांनीच न्यायची होती. अमृतला रजा नव्हती. आप्पांना इंग्रजी फलक वाचता येत नव्हते.

"मी जाते बरोबर," अंकिता म्हणाली. घरात सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं, कारण ती एरवी सिद्धांतला घेऊन जवळच्या सात रस्ता चौकापर्यंत जायचं म्हटलं तरी दोनदा विचार करणारी.

रेल्वेने गेलं असतं तर हे सगळं घडलंच नसतं. पण रेल्वेत बंदूक वरच्या फळीवर आणि तिच्या बरोबर खाली सिद्धांत, सहा-सात तास! मग एका दुपारी तिने विमान कंपनीची नियमावली वाचली, आणि वाचता वाचता तिचे डोळे भरून आले. शस्त्र रिकामं असावं. भक्कम पेटीत असावं. पेटीला कुलूप असावं. शस्त्राबद्दल आधी सांगावं, पोलिसांनी ते तपासावं आणि मग ते प्रवाशांपासून दूर, विमानाच्या पोटात जावं. गेली चार वर्षं ती घरात जे कळकळीने सांगत होती, ते सगळं कोणीतरी क्रमांक घालून लिहून ठेवलं होतं. या लोकांच्या घरात आपण सून म्हणून का नाही गेलो, असंही तिच्या मनात येऊन गेलं. सोलापुरातून मुंबईचं विमान सुरू झालेलंच होतं. तिने तिकिटं काढली.

ही बातमी शेजारी पोचायला वेळ लागला नाही. पलीकडच्या घरात बापूसाहेब राहायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या सल्ल्याचा कालवा सगळ्या कॉलनीतून वाहत असे.

"विमानात बंदूक? म्हणजे पुढचं मला उद्याच्या पेपरात वाचायला मिळणार."

"रीतसर नेता येते काका. फक्त आधी सांगावं लागतं."

"सांगा, पण बंदूक हा शब्द तोंडातनं काढू नका. तिथं शब्दालाच धरतात. माझ्या साडूच्या जावयाला नुसतं चेष्टेत बोलला म्हणून चार तास बसवून ठेवलं होतं. वस्तू म्हणायचं. 'आमच्याकडे एक वस्तू आहे.' कळलं का आप्पा?"

आप्पांनी मान डोलावली. नेमकं हेच त्यांच्या लक्षात राहिलं.

परवान्याच्या ऑफिसातल्या क्लार्कने अर्ज उलटसुलट करून पाहिला. वाहतुकीच्या रकान्यात रस्ता होता, रेल्वे होती, विमान नव्हतं. "विमान चालू झालंय ताई, पण रकाना अजून चालू व्हायचाय," तो म्हणाला आणि साहेबांकडे गेला. साहेब बार्शीला गेले होते. ते परत आले तेव्हा शिक्का मिळेना, आणि शिक्का मिळाला तोवर साहेबांची मीटिंग. चौथ्या दिवशी पेनाने एक आडवी रेघ ओढून त्यावर 'विमान' असं लिहून मिळालं. परवानगी त्या एका तारखेपुरतीच होती. काडतुसं अमृतने दुकानात जमा करून त्याची पावती आणली.

राहिली पेटी. तसली पेटी सोलापुरात शोधून मिळेना, म्हणून सुताराकडून प्लायवूडची करून घेतली. चार फूट लांब, अरुंद, वर पांढरा सनमायका, दोन्ही बाजूंना कड्या. सुतार ती खांद्यावरून घेऊन आला तेव्हा समोरच्या अक्कम्मा दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या सूप टाकून उठल्या आणि तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अय्यो देवा! कुणाचं लेकरू गेलं?"

त्यानंतर अंकिताने त्या पेटीकडे सरळ पाहिलं नाही. सिद्धांत मात्र दोनदा तिच्यात जाऊन झोपला. मोजून केल्यासारखी त्याला बसली. तिने त्याला ओढून बाहेर काढलं आणि उगाचच एक धपाटा घातला, आणि मग स्वतःच रडली.

या सगळ्या गडबडीत बजाबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. अंकिताला हे तेव्हाच खटकायला हवं होतं. पण तिचं लक्ष कागदांच्या झेरॉक्सवर होतं. प्रत्येकाच्या तीन.

निघायच्या दिवशी सकाळी पेटीला कुलूप लागलेलंच होतं. बंदुकीला हात लावायची तिची हिंमत नव्हती. तिने आप्पांना विचारलं, "आप्पा, आतून बघितली ना नीट? रिकामी आहे ना?"

"बघितली की. पोरी, मला शिकवती व्हय?" आप्पा इस्त्रीच्या खाकी शर्टात ताठ उभे होते. "भरली बंदूक घिऊन बावीस वर्सांत मी कंदी उंबरा वलांडला न्हाय."

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर ते तीन तास आधी पोचले. काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, "सर, सामानात काही विशेष?"

अंकिता तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पा पुढे झाले. इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्याकडं एक वस्तू हाय."

मुलीचं हसू जागच्या जागी थांबलं. "कसली वस्तू?"

"ते हितं बोलायचं न्हाय."

पुढच्या पाच मिनिटांत त्यांच्याभोवती इतकी मोकळी जागा झाली, की एवढी जागा अंकिताला लग्नातसुद्धा मिळाली नव्हती. रांगेतले लोक मागे सरकले. एका बाईने आपल्या मुलाला पोटाशी धरलं आणि अंकिताकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर अंकिताला चांगली ओळखीची होती. आजवर ती स्वतःच लोकांच्या मुलांकडे, कुत्र्यांकडे आणि फटाक्यांकडे तशी पाहत आली होती. आज पहिल्यांदाच ती त्या नजरेच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. तिने सगळे कागद एकदम पुढे केले. "बंदूक! परवान्याची बंदूक आहे. रिकामी आहे. परवानगी आहे. तीन प्रती आहेत."

महिला पोलीस अधिकारी आल्या. छातीवरच्या पट्टीवर 'धम्मप्रिया' असं नाव होतं. त्यांनी शांतपणे सगळे कागद वाचले, 'विमान'वर क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "कागद व्यवस्थित आहेत. एवढे व्यवस्थित कोणी आणत नाही." अंकिताला चार वर्षांत मिळालेली ही पहिली शाबासकी. मग हमीपत्र आलं, शस्त्र रिकामं असल्याचं. आप्पांनी एकेक अक्षर कोरून सही केली. खाली साक्षीदार म्हणून अंकिताने केली.

पेटी उघडली.

"आई, आप्पांची छत्री!" सिद्धांत ओरडला.

बंदुकीच्या दोन्ही नळ्यांना हळदीकुंकवाची बोटं होती. तोंडाशी हिरवा खण कोंबलेला होता, नीट घडी घालून. धम्मप्रियांनी भुवई उंचावली, खण ओढून काढला, नळीचं तोंड कोणाकडे नाही याची खात्री केली आणि चाप नव्हे, बाजूचा खटका दाबून बंदूक बिजागरीवर मधोमध मोडून उघडली.

आणि ज्वारी सांडली.

ती सुपातून पाखडल्यासारखी, काही घाई नसल्यासारखी सांडत राहिली. गुळगुळीत फरशीवर दाणे उड्या मारत थेट काउंटरखाली, लोकांच्या बुटांखाली, सामानाच्या पट्ट्यापर्यंत गेले. मागून एक सुपारी आली आणि टप्पे खात बराच वेळ गेली. सगळे तिच्याकडे पाहत राहिले.

"हे काय आहे?" धम्मप्रियांनी विचारलं.

"ज्वारी," अंकिता म्हणाली. शिक्षणाचा तेवढाच उपयोग झाला.

"ते दिसतंय मला. मालदांडी आहे. मी मंगळवेढ्याची आहे ताई. बंदुकीत का आहे, ते विचारतेय."

अंकिताने घरी फोन लावला आणि धम्मप्रियांच्या सांगण्यावरून स्पीकर चालू केला.

"आई, बंदुकीत ज्वारी कोणी घातली?"

"मी," बजाबाई म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी झाली. "का? सांडली व्हय?"

"आई! असं कोणी करतं का?"

"मग रिकामी धाडू व्हय? बावीस वर्सं तिनं ह्या घराला खाऊ घातलंय. तुजा नवरा तिच्यावरच शिकला. घरची लेक निगाली म्हंजी वटी भरतोच की आपुन. एका नळीत ज्वारी अन् सुपारी, दुसऱ्या नळीत हळकुंड अन् खोबऱ्याचा तुकडा. पळीच्या दांड्यानं नीट सारलंय." त्या थांबल्या आणि स्वतःहून म्हणाल्या, "अन् चोरून न्हाय केलं काई. पाटं ह्येंच्या म्होरंच केलं. ह्येंनीच नळी धरली हुती."

फोनमध्ये पुन्हा शिट्टी झाली.

अंकिताने आप्पांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर पकडलं गेल्याची शरम असती तर तिला चाललं असतं, रागसुद्धा आला असता. पण ते तिच्याकडे पाहतच नव्हते. फरशीवरच्या दाण्यांकडे पाहत, ओठ हलवत, ते आठवून बघत होते. खरोखर आठवून बघत होते. पहाट, दिवा, नळी धरलेले आपलेच हात, यातलं काही सापडतंय का ते.

"मी... धरली हुती?" त्यांनी हळूच विचारलं. कोणाला, ते कळलं नाही.

धम्मप्रियांनी हातातल्या हमीपत्राकडे पाहिलं, मग आप्पांकडे, मग अंकिताकडे.

"माझी चूक आहे," अंकिता म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "त्यांनी मला बघायला सांगितलं होतं. मी न बघताच हो म्हटलं."

आप्पांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. सून आपल्यासाठी पोलिसांपुढे खोटं बोलली, एवढं त्यांना नक्की समजलं. त्यांनी शर्टाच्या वरच्या बटणाशी चाळा केला आणि मान खाली घातली.

धम्मप्रियांनी वहीत लिहून घेतलं, कौटुंबिक विधीमुळे नळीत धान्य. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण डाव्या नळीतलं हळकुंड आणि खोबरं एकमेकांत असं रुतून बसलं होतं, की बांबूच्या काठीनेही हलेना. "नळीतून आरपार दिसल्याशिवाय मी रिकामी म्हणून लिहू शकत नाही. नियम आहे."

नियम आहे म्हटल्यावर अंकिता काय बोलणार? त्या नियमांसाठीच तर ती आली होती.

विमान वेळेवर गेलं. सफाईवाल्या मावशींनी ज्वारी झाडून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून आणून दिली. दीड वाटी होती. परतीच्या रिक्षात पांढरी पेटी तिघांच्या मांडीवर आडवी होती, आणि आसरा चौकातल्या सिग्नलला शेजारच्या मोटारसायकलवाल्याने पेटी पाहून डोक्यावरची टोपी काढली. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. "आपलं विमान!" म्हणून सिद्धांतने हात हलवला. आप्पांनीही हलवला.

पुढचं सगळं झरझर झालं, जसं वाईट सगळं होतं. बापूसाहेब फाटकातच उभे होते. "वस्तू म्हणाला होता ना?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि आप्पांनी म्हणालो होतो म्हटल्यावर बापूसाहेबांना कोडं पडलं. एजन्सीने सोमवारी दुसरा माणूस घेतला. दीपकला एका सोसायटीच्या फाटकावर काठी घेऊन उभं राहायचं काम मिळालं. अंकिताने माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे वहिनी. काठीला कागद लागत नाहीत." आणि बजाबाई, ज्यांना सगळ्यांनी बोलून घेतलं, त्या दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. नवऱ्याने नळी धरली होती हेही त्यांनी पुन्हा काढलं नाही. अमृतने विचारलं, तर "मलाच आठवत न्हाय नीट" म्हणाल्या. बाईला सगळं आठवत होतं.

बंदुका दुरुस्त करणाऱ्याने हळकुंड काढून दिलं. दीपकला आता ती नको होती, म्हणजे बंदूक होती आणि तिला जायला जागा नव्हती. अंकिताने कायमची जमा करण्याचा अर्ज आणला आणि दोन दिवस पर्समध्ये ठेवला. आप्पांचा परवाना नूतनीकरणाला आला होता. डॉक्टरांचा दाखला लागणार होता. डॉक्टर सगळ्यांसमोर विचारणार, आज वार कोणता, तारीख कोणती.

तिसऱ्या दिवशी दुपारी, सासूबाई देवळात गेलेल्या असताना, आप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी आले. करदोट्याची किल्ली सोडून त्यांनी ओट्यावर ठेवली.

"ही तुज्यापाशी असूं दे. माज्याकडनं आता..." ते थांबले. "करदोटा सैल झालाय."

"हो आप्पा," अंकिता म्हणाली. "ठेवते." पर्समधला अर्ज तिने त्यानंतर बाहेर काढला नाही.

अशा रीतीने, सोलापूर शहरात बंदुकीला सर्वात जास्त घाबरणारी बाई स्वतःच्या नावाने बंदुकीचा परवाना मागायला त्याच क्लार्कपुढे जाऊन बसली. वारसांत सून बसते, हे तिनेच वाचून काढलं होतं.

"शस्त्र कशासाठी पाहिजे?" क्लार्कने विचारलं. "स्वसंरक्षण, पीकसंरक्षण, खेळ?"

"कुलपात ठेवायला."

"तसा रकाना नाही ताई."

"मग स्वसंरक्षण लिहा."

"कोणापासून धोका आहे, ते खाली लिहायला लागतं."

अंकिताने बराच विचार केला. जागा दोनच ओळींची होती. तिने 'अज्ञात' असं लिहिलं.

पडताळणीला आलेल्या हवालदाराने अक्कम्मांना विचारलं, बाईंचा स्वभाव कसा आहे. "लई भित्री हाय," अक्कम्मा म्हणाल्या. त्याने तसं लिहून घेतलं, आणि ती शिफारस आहे की हरकत, ते अजून कळलेलं नाही. अर्ज फिरतो आहे.

तोवर आप्पांना एक सवय लागली आहे. सकाळचा चहा झाला की ते कपाटापाशी येऊन उभे राहतात. "अंकिता, रिकामी हाय का बघून घे की गं एकदा." ती किल्ली काढते. बंदूक उचलायला, खटका दाबून मोडायला आप्पांनीच तिला शिकवलं, आणि शिकवताना त्यांचे हात जरासुद्धा चुकले नाहीत. नळ्या खिडकीकडे धरायच्या आणि आरपार बघायचं. ती बघते, त्यांना दाखवते, कुलूप लावते. जेवण झाल्यावर ते पुन्हा येतात. "बघितली का गं?" सकाळीच बघितली, असं तिने एकदाही म्हटलेलं नाही. चार वर्षं जे कपाट कधी उघडूच नये म्हणून ती झटली, ते ती आता दिवसातून तीनदा स्वतःच्या हाताने उघडते.

आज तिसऱ्यांदा तिने बंदूक मोडली, नळ्या खिडकीकडे केल्या आणि डोळा लावला. नळी स्वच्छ होती. टोकाला अंगठीएवढा उजेड होता, आणि त्या उजेडात, अंगणात, सिद्धांत उकिडवा बसून मातीत गाडी ढकलत होता. त्याचं डोकं त्या वर्तुळात पूर्ण मावलं होतं.

बंदूक रिकामी होती. तिला ते दिसत होतं. तरी तिने ती सावकाश भिंतीकडे वळवली.

"हाय का रिकामी?" मागून आप्पांनी विचारलं.

"हो आप्पा," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "रिकामी आहे."